बहुपर्यायी प्रश्न

बहुपर्यायी प्रश्न हा दिलेल्या पर्यायांमधून उत्तर निवडावयास लावणारा प्रश्नप्रकार आहे. ऑनलाइन चाचण्या आणि सर्वेक्षणे या दोन्हींत तो वापरला जातो. चाचणीत उत्तर आधीच ठरलेले असते, तर सर्वेक्षणात कोणतेच उत्तर चूक नसते. त्यामुळे दोन्हींतील प्रश्नरचनेच्या कसोट्या वेगळ्या आहेत.

इतिहास

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली यांनी १९१४-१५ च्या सुमारास तयार केलेल्या मूकवाचन चाचणीपासून या प्रकाराची सुरुवात मानली जाते. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने ‘आर्मी अल्फा’ चाचणीत तो मोठ्या प्रमाणावर वापरला. १९३८ मध्ये आयबीएमचे ‘८०५’ हे यंत्र आले. पेन्सिलीच्या खुणेतून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहावरून ते उत्तरे तपासत असे.

पर्यायांची रचना

प्रश्नाचा कस चुकीच्या पर्यायांवर अवलंबून असतो. १/२ + १/३ = किती, या प्रश्नाचे उत्तर ५/६ आहे. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारा विद्यार्थी २/५ हे उत्तर काढतो. म्हणून २/५ हा उपयुक्त पर्याय ठरतो, कारण तो निवडणाऱ्याची चूक नेमकी कोठे झाली हे शिक्षकास कळते. त्याजागी ७० हा पर्याय ठेवल्यास तो क्वचितच कोणी निवडेल आणि चार पर्यायांचा प्रश्न प्रत्यक्षात तीन पर्यायांचा होईल. बरोबर पर्याय इतरांहून लांबलचक असणे हाही नेहमी आढळणारा दोष आहे.

ऑनलाइन चाचणीत कॉपी टाळण्यासाठी पर्यायांचा क्रम प्रत्येकासाठी बदलता येतो. अशा वेळी ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय यादीच्या मध्येच आल्यास निरर्थक होतो.

गुणदान

केवळ अंदाजाने मिळणारे गुण रद्द करण्यासाठी चुकीच्या उत्तराचे गुण वजा केले जातात. ‘न’ पर्याय असल्यास प्रश्नाच्या गुणांचा १/(न−१) इतका भाग वजा करावा लागतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत चार पर्याय असून एकतृतीयांश गुण वजा होतात. तेथे आंधळ्या अंदाजाचा सरासरी लाभ शून्य असतो. नीट परीक्षेत बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात व चुकीसाठी १ वजा होतो, त्यामुळे सरासरी पाव गुणाचा लाभ उरतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आल्यास तो दोनतृतीयांश गुण होतो. महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीत गुण वजा होत नाहीत. तेथे प्रश्न कोरा सोडण्यात तोटाच आहे.

एकाहून अधिक उत्तरे बरोबर असलेल्या प्रश्नात प्रत्येक योग्य खुणेस गुण देऊन चुकीच्या खुणेस काहीच दंड न ठेवल्यास, सर्व चौकटींवर खूण करणारा पूर्ण गुण मिळवतो.

सर्वेक्षणातील वापर

सर्वेक्षणात पर्याय परस्परांत मिसळू नयेत आणि कोणीही उत्तरदाता त्यांच्याबाहेर राहू नये, अशी अपेक्षा असते. ‘२० ते ३०’ व ‘३० ते ४०’ असे वयोगट दिल्यास तीस वर्षांच्या व्यक्तीने कोठे खूण करावी हे स्पष्ट होत नाही. ‘ग्रंथालयाची वेळ व पुस्तकांची संख्या समाधानकारक आहे का?’ या प्रश्नात दोन प्रश्न एकत्र झाले आहेत; त्याला आलेल्या ‘नाही’चा अर्थ लावता येत नाही. मतांची तीव्रता मोजण्यासाठी रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली श्रेणी वापरतात. तिच्यात ‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’ अशा सहसा पाच पायऱ्या असतात. मधली ‘तटस्थ’ ही पायरी ‘माहीत नाही’ या उत्तराचे काम करू शकत नाही, म्हणून तो पर्याय श्रेणीबाहेर स्वतंत्रपणे दिला जातो.