समुद्रावर जाऊ, वाचून खाऊ

पेण आणि रोहे या तालुक्यांतल्या माणसांना समुद्र काही परका नाही. पेणहून वडखळ, पोयनाड करीत एस.टी. अलिबागला जाते. रोह्याची कुंडलिका नदी रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. तिथून पुढे काशीद आणि मुरूड. भाताची झोडणी उरकली, हातात चार पैसे आले, पोरांना सुट्टी लागली, की घरात बोलणे निघते, "यंदा एक दिवस समुद्रावर जाऊ या."

जरूर जावे. वर्षभर राबणाऱ्या माणसाला एक दिवस मोकळा हवा. पोरांनी वाळूत खेळावे. ओहोटी असेल तर अलिबागला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाऊन यावे. आणि त्या दिवशी घरातल्या बाईलाही चुलीपासून सुट्टी मिळावी. म्हणून एक वेळचे जेवण बाहेर घेतले, तर ती काही उधळपट्टी नव्हे.

पण अशा सहलीत दोन गोष्टी बिघडतात. एक पोट आणि दुसरा खिसा. पोर आजारी पडले, की दवाखान्याचा खर्च होतो आणि वर दोन दिवसांचा रोज बुडतो. जेवणाचे बिल अंदाजाच्या दुप्पट आले, की परतीच्या तिकिटाची काळजी लागते. मग सहलीची गोडी राहत नाही.

हे टाळता येते. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. समुद्रावर या विद्येचा उपयोग पदोपदी होतो. कुठे काय वाचायचे आणि काय पाहायचे, ते आम्ही इथे सांगणार आहोत.

आधी पाटी, मग ताट

किनाऱ्यावर खाण्याच्या जागा तीन तऱ्हेच्या असतात. वाळूजवळच्या हातगाड्या आणि टपऱ्या. गावातल्या घरगुती खानावळी, जिथे घरच्याच बायका रांधतात. आणि मोठी हॉटेले. तिन्ही ठिकाणी चांगले खाणे मिळते आणि तिन्ही ठिकाणी वाईटही मिळते. नुसत्या खुर्च्या-टेबले पाहून ठरवू नये.

आत शिरल्याबरोबर बसू नका. आधी दरपत्रक वाचा. पोरे खुर्चीवर बसली, पाणी प्यायली, की मग उठायची लाज वाटते. ती लाज महागात पडते. बाजारात आपण भाजीचा भाव विचारतो, परवडला नाही तर पुढे जातो. इथेही तसेच करावे. त्यात कमीपणा नाही.

दरपत्रकात एक शब्द नीट पाहा. सुरमई, पापलेट, कोळंबी यांच्यापुढे कधी कधी आकडाच नसतो. "साइजप्रमाणे" एवढेच लिहिलेले असते. म्हणजे मासा जेवढा मोठा, तेवढा दाम. ही काही लबाडी नव्हे, कारण मासळीचा भाव रोज बदलतो. पण विचारल्याशिवाय मागवू नका. "मासा दाखवा. याचे किती होतील?" असे विचारा. आकडा ऐका, मग हो म्हणा. थाळीचेही तसेच. थाळीत भाकऱ्या किती, भात पुन्हा मिळतो का, सोलकढी थाळीतच धरली आहे की वेगळी, हे बसण्याआधी विचारून घ्या.

चौदा आकड्यांचा नंबर

२००६ साली आपल्या देशात अन्नसुरक्षेचा कायदा झाला. त्या कायद्याप्रमाणे खाण्याचा धंदा करणाऱ्याला परवाना किंवा नोंदणी घ्यावी लागते. मोठ्या हॉटेलाने परवाना घ्यायचा, लहान हातगाडीवाल्याने नोंदणी करायची. त्याचा नंबर १४ आकडी असतो. तो गिऱ्हाइकाला दिसेल असा लावायचा असतो. २०२२ पासून तो बिलावरही छापावा लागतो. आकडे मोजून पाहा. बरोबर १४ भरले पाहिजेत.

नंबर आहे म्हणून जेवण उत्तमच असेल, असे नाही. पण त्या माणसाचे नाव-गाव सरकारदरबारी लिहिलेले आहे. उद्या काही झाले, तर विचारायला जागा आहे.

तुमच्यापैकी कोणाची स्वतःची वड्याची गाडी असेल, कोणाच्या घरी खानावळ असेल. तुम्हीही हा नंबर घ्या आणि मोठ्या अक्षरात लावा. वाचणारे गिऱ्हाईक तुमच्याकडे आधी येईल.

मासळी पाहून घ्या

मासळी कशी पारखावी, हे तुम्हाला आम्ही काय सांगावे! ताज्या माशाचा डोळा फुगीर आणि चकचकीत असतो. कल्ले लाल असतात. बोटाने दाबले तर मांस लगेच वर येते. पण तिखट-मीठ लावून तळल्यावर यातले काहीच दिसत नाही. म्हणून मासा तळण्याआधी पाहावा.

एक गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. बांगडा, कुपा असे मासे बर्फाशिवाय उन्हात राहिले, तर जंतूंमुळे त्यांच्या मांसात एक विष तयार होते. शिजवल्यावर जंतू मरतात, पण हे विष शिजवून जात नाही आणि तळूनही जात नाही. असा मासा खाल्ला, की थोड्याच वेळात तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते, डोके दुखते. कधी उलट्या-जुलाबही होतात. खाताना जीभ मिरी चावल्यासारखी चुरचुरली, तर घास तिथेच टाकावा. पैसे गेले तर गेले, जीव मोठा.

जून-जुलैत यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. ते दिवस मासळीच्या विणीचे. तेव्हा "आजच आलेली सुरमई" असे कोणी म्हणाले, तर जरा थांबा. ती बहुधा बर्फातली असेल. नीट बर्फात राखलेली मासळी वाईट नसते. पण तिला ताज्या मासळीचा भाव का द्यावा?

गाडीवरचे खाणे

पोरांचे डोळे खानावळीपेक्षा गाडीकडे जास्त. वडापाव, कांदाभजी, भेळ. पोरांना नाही म्हणवत नाही, आणि म्हणूही नये. एकच नियम पाळावा : आपल्या डोळ्यांसमोर तळलेले, वाफ येत असलेले खावे.

त्याचे कारण असे. जंतू फार उष्णतेत मरतात. चांगल्या थंडीत त्यांची वाढ मंदावते. पण उन्हात ठेवलेल्या कोमट अन्नात ते झपाट्याने वाढतात. त्यांना मानवले, तर दर २० मिनिटांनी ते दुप्पट होतात. म्हणजे एका तासात एकाचे ८ आणि दोन तासांत एकाचे ६४. सकाळी तळून ठेवलेली भजी दुपारी खाण्यात हा धोका असतो. हिरवी चटणी आणि कापून ठेवलेली फळे यांना तर विस्तव लागलेलाच नसतो. वडा गरम आणि चटणी मात्र बादलीतल्या पाण्याची, असे झाले तर काय उपयोग? अशा वेळी लसणाची कोरडी चटणी बरी.

कढईतले तेलही पाहा. ते काळे आणि दाट झाले असेल, फेसाळत असेल, डोळ्यांत धूर जात असेल, तर तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलेले आहे, असे समजा. दुसरी गाडी गाठा.

आणि वडा कशात बांधून देतात तेही पाहा. छापील वर्तमानपत्रात खाण्याचे पदार्थ देण्याला कायद्याने मनाई आहे. छपाईची शाई तेलकट पदार्थाला लागते आणि पोटात जाते. वर्तमानपत्र वाचण्यासाठी असते, वडा ठेवण्यासाठी नव्हे. कोरा कागद मागा, नाही तर घरचा डबा पुढे करा.

पाणी, बाटली आणि बर्फ

पिण्याचे पाणी शक्य तो घरूनच न्यावे. तहानेला शहाळ्यासारखे दुसरे काही नाही. त्यातले पाणी निसर्गानेच बंद करून ठेवलेले असते. ते आपल्यासमोर फोडून घ्यावे.

बाटली विकत घ्यायची झाली, तर झाकणाचे सील पाहा. मग किंमत वाचा. बाटलीवर बहुधा "एम.आर.पी." ही अक्षरे आणि आकडे इंग्रजीत असतात. निदान इंग्रजी आकडे तरी ओळखायला शिका. टपरीवर किंवा दुकानात छापील किमतीहून जास्त पैसे मागता येत नाहीत. "थंड केल्याचे पाच रुपये वेगळे" हेही चालत नाही. हॉटेलाची गोष्ट निराळी. हॉटेलात बसवून पाणी दिले, तर छापील किमतीहून जास्त घेता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ सालचा निकाल आहे. म्हणून बाटली दुकानातूनच घेतलेली बरी.

बर्फ दोन तऱ्हेचा असतो. एक खाण्याचा आणि दुसरा मासळी राखण्याचा. दुसरा कसल्याही पाण्याचा असू शकतो. दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून २०१८ साली महाराष्ट्रात नियम झाला, की न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालावा. सरबतात निळसर बर्फ दिसला, तर तो पेला तोंडाला लावू नका. पण पांढरा दिसला म्हणून तो शुद्धच, असेही समजू नका. कोकमचे सरबत बर्फाशिवायही गोड लागते.

बिल वाचायचे कसे

जेवण झाले, बिल आले. घाई करू नका. ओळीने वाचा. समजा, बिल असे आहे :

मच्छी थाळी २, दर ३५० रुपये : ७०० रुपये
साधी थाळी १, दर १५० रुपये : १५० रुपये
जास्तीची भाकरी ३, दर २० रुपये : ६० रुपये
सोलकढी ३, दर ३० रुपये : ९० रुपये
एकूण : १,००० रुपये

आता तीन गोष्टी तपासा. खाल्ले तेवढेच लिहिले आहे ना? दर पाटीवरचाच आहे ना? बेरीज बरोबर आहे ना?

खाली कधी कधी जी.एस.टी. हा कर असतो. साध्या हॉटेलात तो शंभराला ५ रुपये, म्हणजे या बिलावर ५० रुपये. बिलात तो अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन ओळींत लिहितात. एक वाटा केंद्र सरकारचा, एक राज्याचा. पण कर लावला असेल, तर बिलावर कराच्या नोंदणीचा १५ अक्षरी नंबर हवा. नोंदणी नसलेल्याला गिऱ्हाइकाकडून हा कर घेता येत नाही.

काही हॉटेले "सर्व्हिस चार्ज" म्हणून आणखी एक रक्कम जोडतात. तो सरकारी कर नव्हे. तो आपोआप बिलात धरू नये, असा आदेश ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली काढला आहे. द्यावासा वाटला तर द्यावा, नाही तर "हा काढून टाका" म्हणावे.

हे सगळे शांतपणे बोलावे. चूक मुद्दाम केलेली असतेच, असे नाही. गर्दीच्या दिवशी वाढणाऱ्या पोराचीही धांदल उडते. समजावूनही कोणी ऐकले नाही, तर बिल जपून ठेवा आणि १९१५ या नंबरवर फोन करा. ती सरकारची ग्राहकांसाठीची सोय आहे.

पोट बिघडलेच तर

एवढे करूनही कधी जुलाब लागतात. तेव्हा शरीरातले पाणी आणि मीठ निघून जाते. लहान मुलाला खरा धोका त्याचाच असतो. म्हणून पाणी तोडू नये, उलट देत राहावे. एक लिटर उकळून गार केलेले पाणी घ्या. त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा, लहान. ढवळून थोडे थोडे पाजत राहा. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झाले तर अपाय होतो. औषधाच्या दुकानात मिळणारी ओ.आर.एस.ची पुडी अधिक चांगली. तिच्यावर पाणी किती घालायचे ते लिहिलेले असते. ते वाचा आणि तेवढेच घाला. अंगावर पिणाऱ्या मुलाचे दूध बंद करू नका. डोळे खोल गेले, लघवी होईनाशी झाली, मूल पाणी पीत नाही, किंवा शौचातून रक्त पडते, असे दिसले तर लगेच दवाखाना गाठा.

निम्मे घरचे, निम्मे बाहेरचे

आम्हाला विचाराल तर सोपी रीत ही. सकाळचे खाणे घरचे न्यावे. पेणचे पोहे तर घरात असतातच. त्यांचा कोरडा चिवडा करावा, तो दिवसभर टिकतो. पाणी घरचे. दुपारचे एक जेवण मात्र सगळ्यांनी मिळून, पाटी वाचून, मासा पाहून, पोटभर घ्यावे. जेवणासाठी किती रुपये, ते घरी बसून कागदावर लिहावे आणि तो कागद खिशात ठेवावा.

करून पाहा

१. पेण किंवा रोहे स्टँडजवळच्या एखाद्या हॉटेलाचे दरपत्रक वाचा. घरातल्या माणसांच्या जेवणाचे किती होतील, ते मांडा.
२. तिथे १४ आकडी नंबर कुठे लावला आहे, ते शोधा.
३. वर दिलेले बिल कर धरून किती झाले? कागदावर बेरीज करा.