आप्तवाक्य आणि फॉरवर्ड

मंडळी, मागच्या वेळी आपण अनुमान संपवलं. आज शब्दप्रमाण घ्यायचं ठरलं होतं. मधल्या आठवड्यात तीन-चार श्रोत्यांनी एकच तक्रार कानावर घातली, आणि विचार केल्यावर ती शब्दप्रमाणाचीच निघाली. तक्रार अशी की नातेवाईक आणि जुने मित्र दिवसभर फॉरवर्ड पाठवत राहतात. आधी ईमेलवर पाठवायचे, आता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. त्यांना न दुखावता हे कसं थांबवायचं? तर आज तिथूनच सुरुवात करू.

'आप्त' हा शब्द घ्या. मराठीत आप्त म्हणजे नात्यातला माणूस. लग्नपत्रिकेत आपण 'आप्तेष्ट' छापतो ते याच अर्थाने. न्यायदर्शनात मात्र आप्त म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबावं असा माणूस. त्याची ओळख वात्स्यायनाने न्यायभाष्यात करून दिली आहे. त्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगण्याची त्याची इच्छा असावी. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, वात्स्यायनाला फरक पडत नाही. नात्यागोत्याचा तर तिथे प्रश्नच नाही.

आपल्या घरात हे दोन अर्थ एकमेकांत मिसळतात. काकांनी पाठवलंय, म्हणजे खरं असणार. काका सज्जन आहेत, आपल्या भल्यासाठीच पाठवतात, म्हणजे वात्स्यायनाची दुसरी अट पूर्ण झाली. पण अमुक पाल्याच्या रसाने साखर उतरते हे काकांनी स्वतः जाणलंय का? नाही. त्यांनी ते लिहिलेलंही नाही, बऱ्याचदा पुरतं वाचलेलंही नसतं. फॉरवर्डमध्ये वाक्य असतं, वक्ता नसतो. म्हणून आपण 'हे खोटं आहे' म्हटलं की काका दुखावतात, 'मी खोटं बोलतो का?' विचारतात. आता काका खोटं बोलत नाहीत हे खरंच आहे, कारण ते मुळात काही बोललेलेच नाहीत. त्यांनी आलेली वस्तू पुढे दिली, इतकंच.

मग देतात कशाला? आम्हाला वाटतं, हे बरंचसं संक्रांतीच्या वाणासारखं आहे. वाणात आलेली प्लास्टिकची डबी कुणाला हवी असते? पण 'तुमची आठवण ठेवली' हे त्यातून पोचतं. सकाळच्या सुविचाराचं तेच. 'मी आहे, तुम्ही आहात ना?' एवढाच त्याचा मजकूर. निवृत्तीनंतर दिवस फार लांब होतो, मंडळी. हे आम्ही अनुभवाने सांगतो. (हशा)

ही सवय काही फोनने लावली नाही. 'इतक्या जणांना पाठवा, नाहीतर कोप होईल' अशी देवाच्या नावाची पोस्टकार्डं आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. पण पोस्टकार्ड विकत आणावं लागे, हाताने लिहावं लागे, चौथ्या कार्डाला हात दुखला की श्रद्धा कमी होई. ईमेल आल्यावर तो खर्च गेला. हॉटमेलची अख्खी पेटी तेव्हा २ एमबीची. परदेशातल्या भाच्याने सूर्यास्ताची एक चित्रमाला पाठवली की कामाची पत्रं परत जायची. आता अंगठा एकदा दाबला की झालं.

इथवर ही नुसती कटकट आहे. पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी जमावाने पाच माणसांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, सोलापूरकडून भिक्षेसाठी फिरत आलेली. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा त्या भागात मोबाइलवरून फिरत होती. ती पुढे पाठवणारे बहुतेक जण कुणाचे तरी काका-मामाच असणार, आणि 'आपली पोरं जपा' या काळजीनेच पाठवत असणार. दुसरी अट पूर्ण, पहिली नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे ढकललेल्या संदेशावर 'फॉरवर्डेड' ही खूण दाखवायला सुरुवात केली, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घालायचं ठरवलं. २०१९ मध्ये तीच मर्यादा जगभर लागू झाली. तिच्यामुळे फॉरवर्डचं प्रमाण २५ टक्क्यांनी घटलं असं कंपनीने पुढे सांगितलं. एप्रिल २०२० पासून फार वेळा फिरलेला, दोन बाणांची खूण असलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. थोडक्यात, पोस्टकार्डाचे कष्ट थोडे परत आणले.

आता उपाय. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं सेटिंगमध्ये बंद करा, ग्रुप म्यूट करा. ईमेल असेल तर विषयात 'एफडब्ल्यूडी' असलेली पत्रं वेगळ्या कप्प्यात जातील असा फिल्टर लावा. हे सगळं नातवंडं पाच मिनिटांत करून देतात. चुकीचं आलं तर चारचौघांत, म्हणजे ग्रुपवर, खोडून काढू नका. त्याने फक्त दोन तट पडतात. वेगळा फोन करा आणि 'हे खोटं आहे' न म्हणता 'काका, हे तुम्हाला कुणी सांगितलं?' एवढंच विचारा. औषधाचा किंवा अफवेचा मजकूर असेल तर मात्र संकोच नको. त्याच दिवशी बोला.

म्यूटबद्दल एक सांगायला हवं. शाळेपासूनचा आमचा एक मित्र रोज पंधरा-वीस गोष्टी पाठवायचा. आम्ही कंटाळून त्याला म्यूट केलं आणि मोकळे झालो. एकदा चार-पाच दिवसांनी सहज उघडलं, तर गणपती, योगासनं आणि कुठल्याशा धबधब्याच्या मधोमध त्याची स्वतःची एक ओळ होती: 'उद्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, सोबतीला येशील का?' ऑपरेशन होऊन गेलं होतं. शेजारचा मुलगा गेला होता बरोबर.

आम्ही त्याच्या घरी गेलो. रागावला नव्हता, त्यामुळे आणखीच ओशाळलो. तेव्हा सरळ सांगितलं, 'अरे, तुझं हे सगळं मी वाचत नाही. तू स्वतः लिहिशील ते वाचेन.' तो म्हणाला, 'मी काय लिहू? माझ्याकडे रोज घडतंय काय?' आम्ही म्हटलं, 'जेवलास काय ते लिही.'

आता दुपारी एक ओळ येते. काल शेपूची भाजी होती, आवडली नाही म्हणे. गुरुवारी एक सुविचार येतोच, तो आम्ही चालवून घेतो. म्यूट काढलं आहे.

बरं, आता पाच मिनिटं थांबू आणि मग मीमांसक या आप्ताविषयी काय म्हणतात तिकडे वळू.