सोबतचा पायलट विमान धोक्यात घालतोय हे दिसत असूनही तक्रार का होत नाही?

रात्रीच्या ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून बसलाय, हे दृश्य तुम्ही कधीतरी पाहिलंच असेल. दोन-तीन प्रवासी एकमेकांकडे बघतात, एखादा पुटपुटतो आणि मग सगळे पडदा ओढून झोपतात. सकाळी उतरल्यावर तक्रार कुणीच करत नाही. त्या ड्रायव्हरचं तोंड आपल्याला पुन्हा बघायचं नसतं, तरीही आपण गप्प बसतो.

आता समजा तो ड्रायव्हर तुमचा सिनिअर आहे. उद्या त्याच्याच शेजारी बसून तुम्हाला ड्युटी करायचीय आणि तुमचं प्रमोशन त्याच्या शेऱ्यावर अडलंय. मग कराल तक्रार?

पायलट लोकांमध्ये हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. दुसरा पायलट बेफिकीरपणे उडवतोय हे दिसलं तर त्याला बाजूला घेऊन समजवायचं, कंपनीला सांगायचं, की थेट सरकारी यंत्रणेला कळवायचं? बाहेरून बघताना उत्तर सोपं वाटतं. पण एका गोष्टीत तक्रारही झाली होती, योग्य माणसाकडे झाली होती आणि तरी व्हायचं ते झालंच. ती गोष्ट आधी सांगते.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्पोकेन शहराजवळ फेअरचाइल्ड नावाचा हवाई दलाचा तळ आहे. १९९० च्या दशकात तिथे बी-५२ ही बॉम्बर विमानं होती. आठ इंजिनांचं हे धूड, पंखांची रुंदी ५६ मीटर. लांब पल्ल्याचं, जड विमान आहे ते. गिरक्या मारणं हे त्याचं काम नव्हे.

लेफ्टनंट कर्नल बड हॉलंड ते गिरक्या मारल्यासारखंच उडवायचे. ५,००० तासांहून जास्त अनुभव, हात कसलेला, तळावर नाव मोठं. १९९१ पासूनच्या एअर शोमध्ये त्यांनी ठरलेल्या उंचीपेक्षा खाली विमान आणलं, नियमापेक्षा जास्त कलवलं, नाक नको तितकं वर उचललं. हे सगळं हजारो लोकांसमोर, वरिष्ठांच्या देखत आणि व्हिडिओ कॅमेऱ्यांसमोर झालं. आणि हॉलंड यांचं पद काय होतं? बाकीचे पायलट नियमाप्रमाणे उडवतात की नाही हे तपासणाऱ्या विभागाचे ते प्रमुख होते. कुंपणच शेत खातंय म्हटल्यावर तक्रार घेऊन जायचं कुणाकडे?

मार्च १९९४ मध्ये याकिमा इथल्या बॉम्बफेकीच्या सरावाच्या मैदानावर विमानाचं शूटिंग होतं. परवानगी होती जमिनीपासून किमान ५०० फुटांची. हॉलंड यांनी विमान ३० फुटांपर्यंत खाली आणलं, म्हणजे साधारण तीन मजली इमारतीइतकं. कॅमेरा लावून बसलेली माणसं शूटिंग सोडून आडोशाला पळाली. एका डोंगराच्या धारेवरून जाताना तर को-पायलटने स्वतः कंट्रोल ओढले म्हणून विमान वरून निघालं. मधलं अंतर होतं जेमतेम काही फूट.

खाली उतरल्यावर त्या क्रूने तोंड उघडलं. ते गेले आपल्या स्क्वाड्रन कमांडरकडे, लेफ्टनंट कर्नल मार्क मॅकगीहन यांच्याकडे. मॅकगीहन यांनी टाळाटाळ केली नाही. ते वरच्या अधिकाऱ्याकडे, ऑपरेशन्स ग्रुपचे कमांडर कर्नल विल्यम पेलेरिन यांच्याकडे गेले आणि हॉलंड यांचं उड्डाण बंद करा म्हणाले. पेलेरिन यांनी हॉलंड यांना तोंडी समज दिली. उड्डाण बंद केलं नाही.

मग मॅकगीहन यांनी एक निर्णय घेतला. हॉलंड विमान चालवणार असतील तर माझ्या स्क्वाड्रनमधला दुसरा कुणी त्यांच्याबरोबर जाणार नाही, शेजारच्या सीटवर मी बसेन. स्वतःच्या पोरांना वाचवायला त्यांच्या हातात तेवढंच उरलं होतं.

२४ जून १९९४. दोन दिवसांवर एअर शो होता आणि त्याचा सराव सुरू होता. विमानात हॉलंड, मॅकगीहन, कर्नल रॉबर्ट वुल्फ आणि लेफ्टनंट कर्नल केन ह्यूस्टन असे चौघं. वुल्फ यांचं ते शेवटचं उड्डाण असणार होतं, म्हणून त्यांचे घरचे लोक स्वागताला धावपट्टीजवळ थांबले होते. सरावाच्या शेवटी धावपट्टीवर दुसरं विमान होतं, त्यामुळे हॉलंड यांना पुन्हा फेरी मारावी लागली. त्यांनी कंट्रोल टॉवरला वळसा घालणारं डाव्या बाजूचं घट्ट वळण घेतलं. उंची होती सुमारे २५० फूट. विमान कलत गेलं, ६० अंशांच्या पुढे, मग जवळपास जमिनीला काटकोनात. त्या अवस्थेत पंख विमानाला तोलू शकत नाहीत. मॅकगीहन यांनी इजेक्ट व्हायचा प्रयत्न केला, पण वेळ पुरला नाही. चौघंही गेले. मॅकगीहन यांची पत्नी आणि दोन लहान मुलं तळावरच्या घराच्या अंगणातून हे बघत होती.

हॉलंड यांच्याबद्दल कुणाला माहीत नव्हतं असं नाही. तळावर उघड चर्चा होती, काही जणांनी त्यांच्याबरोबर उडायला साफ नकार दिला होता. पण तीन वर्षांत वरचे अधिकारी बदलत राहिले आणि प्रत्येकाने दिलेली समज तोंडीच राहिली. नवा अधिकारी आला की पाटी कोरी. त्याला वाटायचं, पहिल्यांदाच झालंय, एकदा सांगून बघू. अपघातानंतर पायलट आणि अभ्यासक टोनी कर्न यांनी या प्रकरणावर सविस्तर लिहिलं आणि आज ही केस अनेक देशांत पायलटना शिकवली जाते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लोक बोलत का नाहीत?

भीती हे एक कारण झालं. लायसन्स ही पायलटची रोजीरोटी असते. आपल्या एका तक्रारीने दुसऱ्याच्या घरातली चूल बंद पडू शकते, हे ओझं छोटं नसतं. पण मला जास्त पटतं ते दुसरं कारण: प्रत्येक पायलटला आपल्या चुका आठवत असतात. चुकीची फ्रिक्वेन्सी लावली, उंची शे-दोनशे फूट हुकली, थकव्यात एखादी चेकलिस्ट अर्धवट राहिली. आज मी त्याचं नाव घेतलं तर उद्या तो माझं घेईल. मग अलिखित करार होतो, तू गप्प, मीही गप्प.

या गप्प बसण्याची किंमत किती असते, हे अमेरिकेला १९७४ मध्ये कळलं होतं. १ डिसेंबरला टीडब्ल्यूए कंपनीचं ५१४ हे विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येत होतं. कंट्रोलरने उतरण्याच्या मार्गासाठी परवानगी दिली. पायलटने त्याचा अर्थ आता खाली यायला हरकत नाही असा घेतला आणि विमान व्हर्जिनियातल्या माउंट वेदर डोंगरावर आदळलं. ९२ जणांचा जीव गेला. चौकशीत समजलं की सहाच आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान तशाच गैरसमजातून त्याच ठिकाणी थोडक्यात वाचलं होतं. युनायटेडने आपल्या पायलटना सावध केलं. टीडब्ल्यूएच्या पायलटपर्यंत ही गोष्ट पोचलीच नाही.

मग अमेरिकेची विमान नियामक यंत्रणा एफएए पुढे आली. चुका आम्हाला कळवा, शिक्षा करणार नाही, असं तिने १९७५ मध्ये जाहीर केलं. पायलटनी फारसा विश्वास ठेवला नाही. बरोबरच आहे, दंड लावणारा पोलीसच म्हणतोय की मनमोकळं बोला! शेवटी १९७६ मध्ये हे काम नासाकडे दिलं गेलं. हो, तीच चंद्रावर गेलेली नासा. तिच्याकडे ना लायसन्स देण्याचा अधिकार, ना काढून घेण्याचा.

यातली पद्धत बघण्यासारखी आहे. फॉर्मच्या एका पट्टीवर तुमचं नाव-पत्ता असतो. काही विचारायचं असेल तर नासाचे लोक फोन करतात, मग ती पट्टी कापून, शिक्का मारून तुम्हालाच परत पाठवतात. त्यांच्याकडे फक्त घटना उरते. (आम्हाला मास कॉमला सोर्सचं नाव जपायचं शिकवतात, इथे तर नावच हातावेगळं केलं.) चूक जाणूनबुजून केलेली नसेल, दहा दिवसांत कळवली असेल आणि मागच्या पाच वर्षांत नियमभंगाचा ठपका नसेल, तर एफएए शिक्षा माफ करते. अपघात आणि गुन्हे यातून वगळलेत. पुढे ब्रिटननेही १९८२ मध्ये 'चर्प' नावाची अशीच गोपनीय व्यवस्था सुरू केली.

पण इथे एक गोची आहे आणि वादाचं खरं मूळ तिथेच आहे. नासाचा फॉर्म घटना गोळा करतो, माणसं नाही. तुम्ही दुसऱ्या पायलटबद्दल लिहिलंत तरी त्याचंही नाव काढून टाकलं जातं. धावपट्टीवरच्या खुणा गोंधळात टाकतायत, अमुक सूचनेचा अर्थ चुकीचा घेतला जातोय, असल्या गोष्टींसाठी ही व्यवस्था उत्तम. उद्या सकाळी पुन्हा ३० फुटांवरून उडणाऱ्या माणसाला मात्र ती थांबवू शकत नाही. प्रामाणिक माणसाच्या चुकीसाठी बनवलेलं दार, मुद्दाम नियम मोडणाऱ्यासाठी कामाचं नाही.

म्हणून पायलटच्या संघटनांनी मधला मार्ग काढला. अमेरिका-कॅनडातल्या आल्पा या संघटनेत 'प्रोफेशनल स्टँडर्ड्स' नावाची समिती असते. सहकाऱ्याचं वागणं खटकलं तर समितीतल्या पायलटला सांगायचं. तो त्या व्यक्तीशी बरोबरीच्या नात्याने, गुपचूप बोलतो. साहेबाने झापण्यापेक्षा आपल्यातल्याच कुणीतरी 'काय रे, काय चाललंय?' विचारणं कित्येकदा जास्त लागू पडतं. माझ्या मते पहिली पायरी हीच असावी. पण इशारा देऊनही तेच चालू राहिलं, तर लेखी तक्रार आणि तीही नावानिशी, हाच रस्ता उरतो. तिथे मैत्री मध्ये आणायची नसते, कारण मागे बसलेल्या प्रवाशांना या वादात कुणी विचारलेलं नसतं.

भारतातही स्वेच्छेने माहिती कळवण्याची सोय आहे. ती डीजीसीएकडे जाते. लायसन्स देणारी आणि निलंबित करणारी यंत्रणाही डीजीसीएच. माहिती देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवू असं सांगितलं जातं. तरी १९७५ मध्ये अमेरिकेतले पायलट ज्या कारणाने बिचकले, त्याच कारणाने आपल्याकडचा तरुण को-पायलट बिचकला तर त्याला भित्रा म्हणता येईल का?

राहता राहिला प्रश्न, तक्रार ऐकून काहीच न करणाऱ्याचं काय? फेअरचाइल्डच्या प्रकरणात कर्नल पेलेरिन यांच्यावर लष्करी खटला चालला. कर्तव्यात कसूर केल्याच्या दोन आरोपांत त्यांनी गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली ती अशी: एक लेखी ताकीद आणि पाच महिने पगारातून दरमहा १,५०० डॉलरची कपात.