रात्र मोजणारं पान

जपानच्या ऐची प्रांतातल्या तोयोहाशी शहराभोवती हिवाळ्यात दिवस मावळला की हरितगृहांमधले दिवे लागतात. आत काम करणारं कुणी नसतं. दिवे लावलेले असतात झाडांसाठी. ही झाडं गुडघ्या-मांडीएवढी उंच असतात. त्यांची पानं हिरवीगार, करवतीसारख्या कडांची. ती एकसारख्या आकाराची निवडून दहा-दहाच्या जुड्या बांधतात आणि बाजारात पाठवतात. कच्च्या माशाच्या तुकड्यांखाली जपानी माणूस जे पान ठेवतो आणि शेवटी माशासोबत खाऊनही टाकतो, ते हेच. जपानात या हिरव्या पानांना ‘ओबा’ म्हणतात, झाडाला ‘शिसो’ आणि वनस्पतिशास्त्रात पेरिला. या पानांच्या उत्पादनात ऐची प्रांत देशात सगळ्यात पुढे आहे आणि त्यातही तोयोहाशीचा वाटा मोठा.

दिवे लावले नाहीत तर काय होईल? रात्र मोठी झाल्याचं झाडाला कळेल. मग ते पानं वाढवायचं सोडून तुरे काढेल, पुढची पानं बारीक आणि जून होतील आणि हंगाम संपेल. शोभेची शेवंती पॉलिहाऊसमध्ये घेणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्यांना ही युक्ती नवी नाही. रात्री दिवे लावून तेही कळी लांबवतात. पेरिलाची सगळी शेती, सगळा स्वयंपाक आणि बराचसा इतिहास याच एका गोष्टीभोवती फिरतो. हिला पानांसाठी वाढवायचं की बियांसाठी, हे आधी ठरवावं लागतं आणि त्यानुसार रात्रीचा बंदोबस्त करावा लागतो.

पेरिला तुळशीच्या कुळातली. चौकोनी खोड, समोरासमोर पानांच्या जोड्या, शेंड्याला मंजिरी. सब्जा, पुदिना, पानओवा हे तिचे जवळचे नातेवाईक. लिनियसने 1753 मध्ये तिला तुळशीच्याच प्रजातीत घातलं होतं. तिचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक मोठ्या पानांचा आणि टपोऱ्या बियांचा, कोरियात आणि हिमालयात पिकणारा. दुसरा शिसो, हिरवा किंवा गडद जांभळा (त्यालाच लाल म्हणतात), बऱ्याचदा कुरळ्या पानांचा. शिसोचं पान बोटात चुरडलं की आधी पुदिन्यासारखा थंडावा जाणवतो, मग जिऱ्याची छटा येते आणि मागे लिंबाच्या सालीचा वास रेंगाळतो. हा मुख्यतः पेरिलाल्डिहाइड या द्रव्याचा परिणाम. त्यापासून तयार होणारा पेरिलार्टिन नावाचा पदार्थ साखरेच्या सुमारे दोन हजार पट गोड असतो. जपानात तो तंबाखू गोड करायला वापरत.

पान रात्र मोजतं हे शास्त्रज्ञांना कळलं, त्यातही पेरिलाचा मोठा हात आहे. 1930च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी असं मांडलं की फुलण्याचा निरोप शेंड्यात नव्हे, पानात तयार होतो आणि तिथून वाहत शेंड्यापर्यंत पोचतो. त्या अज्ञात द्रव्याला त्यांनी ‘फ्लोरिजेन’ असं नाव दिलं. 1950च्या दशकात नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन इथे यान झेवार्ट यांनी पेरिलावर केलेले प्रयोग आजही पाठ्यपुस्तकांत शिकवले जातात. त्यांनी पेरिलाचं एकच पान काही आठवडे लहान दिवसांत ठेवलं आणि मग लांब दिवसांत वाढणाऱ्या दुसऱ्या झाडावर त्याचं कलम केलं. त्या झाडाला फुलं आली. तेच पान काढून तिसऱ्या झाडावर बांधलं, त्यालाही आली. असं करत एका पानाने एकामागून एक सात झाडं फुलवली. मात्र त्या फुललेल्या झाडांची स्वतःची पानं दुसरीकडे बांधली तर काहीच घडत नसे. ज्या पानाने स्वतः लांब रात्री काढल्या, निरोप देणं फक्त त्यालाच जमत होतं. तो निरोप म्हणजे नेमकं कोणतं प्रथिन, याचा भक्कम पुरावा थेट 2007 मध्ये मिळाला, तोही भात आणि अरॅबिडॉप्सिस या दुसऱ्याच वनस्पतींत.

आज जिच्यासाठी रात्री दिवे जळतात, त्या पेरिलाच्याच तेलावर एके काळी जपानचे दिवे जळत होते. क्योतोच्या नैऋत्येला ओयामाझाकी नावाचं गाव आहे. तिथल्या रिक्यू हाचिमान देवळाच्या पुजाऱ्याने नवव्या शतकात बिया दाबून तेल काढायचा तरफेचा घाणा बनवला, अशी परंपरा सांगतात. मध्ययुगात या देवळाशी बांधलेल्या तेल्यांना तेलाच्या व्यापाराचे खास हक्क होते, जकात माफ होती आणि त्यांच्या मक्त्यापुढे बाहेरच्या व्यापाऱ्याचं काही चालत नसे. सोळाव्या शतकातला सरदार साइतो दोसान आधी तेल विकायचा आणि नाण्याच्या भोकातून, कडेला थेंबही न लागू देता, तेलाची धार सोडून दाखवायचा, अशी दंतकथा आहे. पुढे एदो काळात मोहरीवर्गातल्या बियांचं आणि सरकीचं स्वस्त तेल आलं आणि पेरिला दिव्यांतून गेली. हे तेल हवेत सुकून घट्ट पापुद्रा धरतं. त्यामुळे कागदी छत्र्यांना आणि कंदिलांना ते चोपडलं जाई. दुसऱ्या महायुद्धापूर्वी अमेरिकेतले रंग आणि व्हार्निशचे कारखानदारही पूर्वेकडून ते मागवत.

सुकण्याच्या या गुणामागे जे रसायन आहे, त्याच्यासाठीच आज हे तेल महाग विकलं जातं. त्यात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-3 असतं. जवसाच्या तेलासारखंच ते लवकर खवट होतं. म्हणून बाटली लहान घ्यावी, फ्रिजमध्ये ठेवावी आणि तेल तापवण्याऐवजी वरून घालावं.

लाल शिसोची खरी करामत पाहायची तर जून-जुलैत जपानी घरात उमेबोशी घालताना पाहावी. उमे हे जर्दाळूच्या जातीचं आंबट फळ पावसाळ्याच्या तोंडावर पिकतं. ते मिठात दाबून ठेवलं की काही दिवसांत त्याचं आंबट-खारट पाणी वर येतं. मग शिसोची पानं देठापासून खुडून, धुऊन मिठाने चोळतात. पहिल्यांदा काळपट जांभळं, फेसाळ, तुरट पाणी सुटतं. ते पिळून फेकून द्यायचं. पुन्हा मीठ, पुन्हा चोळणं, पुन्हा पिळणं. उरलेल्या काळ्या गोळ्यावर फळाचं आंबट पाणी ओतलं की क्षणात सगळं लालभडक होतं. पानातलं रंगद्रव्य आंबटपणा लागताच रंग बदलतं, एवढंच यामागचं विज्ञान. पण हातांच्या ओंजळीत काळ्याचं लाल होताना पाहणं हा वेगळाच आनंद असतो. पाऊस ओसरला की फळं तीन दिवस उन्हात वाळवतात, सोबतची पानंही वाळवतात. तशी खारवलेली, वाळवलेली पानं चुरून भातावर घालायची चाल जुनी आहे. हिरोशिमाच्या मिशिमा फूड्सने 1970 मध्ये ‘युकारी’ नावाने अशा चुऱ्याचं पाकीट बाजारात आणलं.

कोरियात पान आणि बी दोन्ही रोजच्या जेवणात असतं. भाजलेल्या मांसाचा तुकडा, लसूण आणि तिखट आंबवलेली चटणी पेरिलाच्या पानात गुंडाळून एका घासात खातात. सोयासॉसमध्ये मुरवलेली पानं एकावर एक रचून डब्यात ठेवतात. ती इतकी चिकटतात की एकट्याला काड्यांनी सोडवता येत नाहीत. आपल्या जोडीदाराने आपल्या मैत्रिणीला किंवा मित्राला असं चिकटलेलं पान सोडवायला मदत करावी की नाही, यावर 2021-22 च्या सुमारास कोरियात घरोघरी आणि दूरचित्रवाणीवर वाद रंगला होता. त्या पानामागच्या कष्टांवरही याच सुमारास लिहिलं गेलं. ग्युमसान आणि मिर्यांग या पानांच्या पट्ट्यांमध्ये हरितगृहांतली बरीचशी खुडणी कंबोडिया, नेपाळसारख्या देशांतून आलेले मजूर करतात. यंत्राला न जमणारं हे काम आहे. एकेक पान हाताने खुडायचं, मोजायचं आणि दिवसाचा ठरलेला आकडा गाठायचा. स्वस्त जुडीचा हिशेब त्यांच्या मजुरीत आणि राहण्याच्या हालांत दडलेला असतो.

भारतात ही वनस्पती परकी नाही, फक्त दख्खनला ती माहीत नाही. नेपाळी बोलणाऱ्या सिक्कीम-दार्जिलिंगमध्ये ती सिलाम, उत्तराखंडात भंगजीर, मणिपुरात थोइडिंग. हिमालयातले शेतकरी ती पावसाळ्यात वाढवतात आणि पाऊस सरल्यावर तुरे पक्व झाले की कापून झोडपतात. बी भाजायचं, मिरची-मिठासोबत वाटायचं, लिंबू पिळायचं, की चटणी तयार. आपल्याकडच्या कारळ्याच्या चटणीवर वाढलेल्या जिभेला ती पहिल्याच घासात ओळखीची वाटेल. मणिपूरच्या सिंजूमध्ये बारीक चिरलेल्या कोबीला आणि कमळाच्या देठाला भाजलेल्या थोइडिंगची पूड लागते. ती नसेल तर सिंजू बेचव लागतो.

युरोपात मात्र पेरिला स्वयंपाकघरात न जाता थेट बागेत गेली. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये 1860च्या दशकात तिच्या काळपट जांभळ्या पानांची चलती होती. पिवळ्या कॅल्सेओलारियाच्या शेजारी तिचे पट्टे लावत. अमेरिकेत ती बागेतून निसटून पूर्वेकडच्या राज्यांत रानोमाळ पसरली आणि गुरांच्या जिवावर उठली. काही पेरिलांमध्ये पेरिला कीटोन हे द्रव्य असतं. ते गुरांच्या फुप्फुसांत पाणी भरवतं. 1977 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यावर शोधनिबंध आला. खाण्यासाठी निवडलेल्या शिसोच्या वाणांमध्ये सहसा पेरिलाल्डिहाइडचं प्राबल्य असतं, म्हणून माणसाने ताटातलं पान खायला हरकत नाही. पण कुंडीची छाटणी गोठ्यात टाकू नये. बी घेतानाही खाण्याचं म्हणून विकलेलंच घ्यावं.

आता महाराष्ट्रातल्या गच्चीचा विचार. तोयोहाशीत जूनमधला सर्वांत मोठा दिवस साडेचौदा तासांचा असतो. मुंबईत तो सव्वातेरा तासांपलीकडे जात नाही आणि डिसेंबरात अकरावर येतो. शिसोला साधारण चौदा तासांहून लहान दिवस मिळाले की ती फुलायच्या मार्गाला लागते. म्हणजे आपल्याकडे बारा महिने तिच्या दृष्टीने फुलण्याचाच काळ. पुस्तकात पाहून लावलेली रोपं वीतभर होताच तुरे काढतात आणि लावणारा खत-पाण्याला दोष देतो. दोष खताचा नाही, रात्रीचा आहे. उपाय तोयोहाशीचाच, फक्त छोटा. कुंड्या गॅलरीत दिव्याखाली ठेवाव्यात आणि दिवा रोज रात्री उशिरापर्यंत चालू ठेवावा. वाचता येईल एवढा उजेड पुरतो, कारण हा उजेड अन्न बनवण्यासाठी नसून रात्र तोडण्यासाठी असतो. दिवा एखाद-दुसरा दिवस विसरला तर बिघडत नाही, आठवडाभर विसरला तर बिघडतं.

बी ताजं हवं, पण अगदी ताजं नको. झाडावरून नुकतं काढलेलं बी काही महिने सुप्त असतं आणि वर्षभरानंतर त्याची उगवण झपाट्याने घसरते. म्हणून ते हवाबंद डबीत फ्रिजमध्ये ठेवावं. पेरताना रात्रभर भिजवावं, ओल्या मातीवर पसरावं आणि वरून माती लोटू नये. त्याला उगवायला उजेड लागतो. रोपाला तीन-चार जोड्या पानं आली की शेंडा खुडावा, म्हणजे पानांच्या बगलेतून फांद्या फुटतात. एप्रिल-मे महिन्यांत दुपारची सावली द्यावी, एरवी ऊन भरपूर द्यावं. लाल शिसोला ऊन कमी पडलं तर तिचा रंग उडून ती मळकट हिरवी दिसते. कोरड्या हवेत लाल कोळी येतो. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारला तर तो बराच आटोक्यात राहतो.

आणि तुरे आलेच तर झाड उपटायची घाई नको. जपानी स्वयंपाकात कोवळ्या फुलांचा तुरा ताटात ठेवतात. जेवणारा तो बोटांनी ओरबाडून सोयासॉसमध्ये फुलं झटकतो. कोरियात तुऱ्यांना चिकट तांदळाची पेज लावून वाळवतात आणि तळतात. तुऱ्याच्या खालच्या भागात हिरवे दाणे धरले असताना आणि शेंड्याला थोडी फुलं अजून उमललेली असताना तो खुडावा, दाणे काढून धुवावेत आणि मिठात घालावेत. दहीभातावर ते चमचाभर घातले की दाताखाली फुटतात आणि पानापेक्षा तिखट वास देतात.