निरोप आधीं, यंत्र मागाहून

हल्लीं हायस्कुलांत व कॉलेजांत शिकणारीं मुलें मायक्रोकंट्रोलर नांवाच्या नखाएवढ्या गणकयंत्राकडून नाना कामें करून घेतात. गच्चीवरील टांकी भरली कीं विहिरीवरचा पंप आपोआप बंद व्हावा, ही त्यांतली नेहमींची योजना. तार न ओढतां निरोप पाठवावयाचा तर रेडिओचें मॉड्यूल घ्यावें लागतें, आणि पैशांची मागणी वडील मंडळींकडे येते. अशा वेळीं किंमत विचारण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावेत: निरोप केवढा, किती दूर जावयाचा, यंत्रास वीज कोठून मिळणार, आणि निरोप न पोंचला तर काय होईल? या उत्तरांवरून मॉड्यूल बहुधा ठरूनच जातें.

सर्वांत स्वस्त तो ४३३ मेगाहर्ट्झचा साधा जोड. त्यांत एक यंत्र केवळ बोलतें व दुसरें केवळ ऐकतें. ऐकणाऱ्याचा होकार बोलणाऱ्यास कधींच कळत नाहीं. माजघरांतील उष्णमान ओटीवर कळविण्यास तो पुरे आहे, कारण एखादा आंकडा हुकला तर बिघडत नाहीं.

नॉर्वेतील नॉर्डिक कंपनीची ‘एनआरएफ २४ एल ०१ प्लस’ ही चिप याहून शहाणी. ती २.४ गिगाहर्ट्झवर चालते, एका खेपेस ३२ बाइटपर्यंत मजकूर नेते, त्याची पोंच मागते, आणि पोंच न आल्यास तोच निरोप पुन्हां पाठविते. बोलतांना तिला सुमारें ११ मिलिअँपिअर वीज लागते. मात्र ३.६ व्होल्टांहून अधिक दाब तिला सोसत नाहीं. शिवाय तिच्या लहरी साडेबारा सेंटिमीटरांच्या. जाड भिंती व ओलीं झाडें त्यांना लवकर अडवितात.

घरांत वाय-फाय असेल आणि जवळ विजेची सोय असेल, तर शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ‘ईएसपी ३२’ घ्यावी. तींत मायक्रोकंट्रोलर व रेडिओ एकत्रच असतात. परंतु वाय-फायवर बोलतांना ती शंभराहून अधिक मिलिअँपिअर ओढते. बॅटरीवर तिला सतत जागी ठेवणें परवडत नाहीं.

विहीर शेतांत, घरापासून किलोमीटरभर दूर असेल तर ‘लोरा’ पद्धतीचा विचार करावा. ही पद्धत फ्रान्समधील सायक्लिओ कंपनीनें काढली. २०१२ सालीं ती कंपनी अमेरिकेच्या सेमटेकनें विकत घेतली. गवयानें मींड घ्यावी तशी येथें लहरींची कंप्रता सरकत जाते, त्यामुळें गोंगाटाखालीं दबलेला क्षीण संदेशही ओळखतां येतो. त्याची किंमत मात्र वेळांत मोजावी लागते. १२५ किलोहर्ट्झच्या पट्टींत १० बाइटांच्या निरोपास सर्वांत जलद पद्धतीपैकीं सातव्या पायरीवर सुमारें ४१ मिलिसेकंद लागतात; सर्वांत दूरच्या, म्हणजे बाराव्या पायरीवर जवळजवळ पूर्ण सेकंद. म्हणून व्याकरणाच्या सूत्रकारांनीं अक्षरांची जी काटकसर केली, तीच येथें हवी. ‘टांकी बहात्तर टक्के भरली आहे’ असें वाक्य धाडूं नये. ७२ हा आंकडा पुरे, आणि तो एका बाइटांत मावतो.

खरेदी करतांना कायदाही पाहावा. भारतांत ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा २०२१ च्या नियमांनुसार, ठरलेल्या शक्तिमर्यादेंत, परवान्यावांचून वापरतां येतो. अमेरिकेसाठीं केलेलें ९१५ मेगाहर्ट्झचें मॉड्यूल दिसण्यांत तसेंच असतें; तें येथें चालवूं नये. अँटेनाची साधी तार लहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे ८६६ मेगाहर्ट्झला साडेआठ सेंटिमीटरांहून किंचित् अधिक असावी. ती जोडल्यावांचून यंत्रास बोलावयास लावूं नये.

चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा. वादळांत बॅटरी संपली आणि टांकीकडून निरोपच आला नाहीं, तर पंप रात्रभर चालत राहील, विहीर आटेल व मोटर जळेल. यासाठीं पंपाकडील यंत्रानें मौनाचा अर्थ ‘थांब’ असाच घ्यावा: ठरावीक मिनिटांत खूण आली नाहीं कीं पंप बंद. ही व्यवस्था कोणत्याही महागड्या मॉड्यूलबरोबर आयती मिळत नाहीं. ती मुलानें स्वतःच लिहावयाची असते. पंपाच्या विजेच्या तारा मात्र जाणत्या वायरमनकडूनच जोडून घ्याव्यात.

तेव्हां चिरंजीवांनीं किंवा कन्येनें मॉड्यूल मागितलें तर नाहीं म्हणूं नये. चारही उत्तरें कागदावर लिहून आणावयास सांगावें, तीं एकदां शांतपणें वाचावींत, आणि मग खुशाल पैसे द्यावेत.