दोन घोड्यांचा हिशेब

साल १९५५. योकोहामातल्या एका डिपार्टमेंट स्टोअरची गच्ची आणि तिथे नाणं टाकलं की डुलणारे दोन यांत्रिक घोडे. जहाजबांधणी शिकलेले २९ वर्षांचे मासाया नाकामुरा ते घोडे रोज स्वतःच्या हाताने पुसायचे, पोरांना उचलून वर बसवायचे. या दोन घोड्यांवर उभी राहिलेली त्यांची कंपनी पुढे 'नामको' या नावाने जगभर गाजली.

त्याच १९५५ सालात जन्मलेला तोरू इवातानी बावीस वर्षांनी नामकोत नोकरीला लागला. २२ मे १९८० रोजी टोकियोच्या शिबुया भागात त्याचा 'पॅक-मॅन' पहिल्यांदा लोकांसमोर आला. या खेळाचा अख्खा प्रोग्रॅम १६ किलोबाइटचा. देवनागरीचं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. म्हणजे तुम्ही वाचताय तेवढ्या लांबीचे तीन-चार लेख ठेवले की ती जागा भरलीच!

आता पसारा बघा. गिनेसच्या नोंदीनुसार १९८१ ते १९८७ या काळात जगभरात पॅक-मॅनची २,९३,८२२ यंत्रं बसली. एका यंत्राची रुंदी दोन फूट धरून ती शेजारी शेजारी लावली, तर रांग होते सुमारे १७९ किलोमीटरची. टोकियोहून योकोहामाला तीनदा जाऊन परत यावं, एवढी.

खेळाच्या प्रत्येक पातळीत २४४ ठिपके खायचे. पातळी मोजायला मात्र एकच बाइट, आणि एका बाइटात २५५च्या पुढचा आकडा मावत नाही. म्हणून ६२,२२० ठिपके फस्त करून २५६व्या पातळीवर पोचलात, की पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या कचऱ्याने भरतो आणि वाट संपते. तिथवर एकही जीव न गमावता, एकही गुण न सोडता मिळणारे सर्वाधिक गुण ३३,३३,३६०.

२०१० मध्ये पॅक-मॅनच्या तिसाव्या वाढदिवसाला गुगलने हा खेळ आपल्या मुखपृष्ठावरच ठेवला. लोकांनी त्यात ४८ लाखांहून अधिक तास घालवले, असा अंदाज रेस्क्यूटाइम या कंपनीने मांडला. तास जोडत गेलात तर साडेपाचशे वर्षं!

नाकामुरा २२ जानेवारी २०१७ रोजी, वयाच्या ९१व्या वर्षी गेले. त्यांच्या गच्चीवरच्या एकेका घोड्यामागे १,४६,९११ पॅक-मॅन यंत्रं येतात. त्या प्रत्येक यंत्राचं काम मात्र घोड्याचंच होतं: नाणं घ्यायचं आणि समोरच्याला घटकाभर हरखून टाकायचं.