लिअँडर पेस, डोकेदुखी आणि पट्टकृमी

कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळविले. त्यानंतर भारताला वैयक्तिक पदक मिळायला ४४ वर्षे लागली. १९९६ साली अटलांटा येथे ते मिळवून दिले टेनिसपटू लिअँडर पेसने. पुढे दुहेरीत त्याने नाव गाजविले. १९९९ मध्ये महेश भूपतीच्या साथीने फ्रेंच आणि विम्बल्डन ही दोन्ही विजेतेपदे पटकाविली.

जुलै २००३ मध्ये मार्टिना नवरातिलोव्हासोबत त्याने विम्बल्डनची मिश्र दुहेरी जिंकली. वय अवघे ३०, शरीर कसलेले. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत त्याचे डोके दुखू लागले. तपासणीत मेंदूत गाठ दिसली. कर्करोगाची शंका आली. सारा देश हळहळला. अखेर निदान झाले ते न्यूरोसिस्टिसर्कोसिसचे, म्हणजे मेंदूत शिरलेल्या पट्टकृमीच्या अळीचे.

पेसचे वडील डॉ. वेस पेस मूळचे गोव्याचे, १९७२ च्या ऑलिंपिकमधील कांस्यविजेत्या हॉकी संघाचे खेळाडू आणि क्रीडावैद्यकातले जाणकार. डॉक्टरांच्या घरातही हा आजार शिरू शकतो, हे आपण ध्यानात घ्यावे.

हा कृमी डुकराच्या कच्च्या राहिलेल्या मांसातून माणसाच्या आतड्यात जातो व तेथे वाढतो. त्याची अंडी शौचावाटे बाहेर पडतात. उघड्यावरचे शौच, मैलापाण्यावर पिकविलेला भाजीपाला, दूषित पाणी, शौचानंतर साबणाने न धुतलेले हात यांमार्फत ती दुसऱ्याच्या पोटात जातात. तेथून अळी रक्तावाटे मेंदूत पोचते आणि गाठ करून बसते. म्हणून ‘आम्ही माळकरी, आम्हाला काय होणार?’ असे म्हणून चालत नाही. आपण शाकाहारी असलो तरी वाढणाऱ्याचे हात कसे आहेत, हा प्रश्न उरतोच. कोबीतली हिरवी अळी मेंदूत जाते, हा मात्र निव्वळ गैरसमज होय. भीती त्या अळीची नव्हे, न धुतलेल्या पानांवरच्या अंड्यांची. ती डोळ्यांना दिसत नाहीत.

ही गाठ कित्येक वर्षे गप्प राहू शकते. अळी मरू लागली की भोवती सूज येते. मग डोके दुखते, उलट्या होतात, फिट येते. मोठेपणी प्रथमच फिट आली तर हे एक महत्त्वाचे कारण असू शकते. अशा वेळी कांदा किंवा चप्पल हुंगविण्यात वेळ दवडू नये. रोग्याला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांकडे न्यावे. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर तात्काळ रुग्णालय गाठावे. मुलीच्या लग्नात अडचण नको म्हणून आजार लपविणे तर फारच घातक.

स्कॅन करून निदान होते आणि औषधांनी बहुतेक रोगी बरे होतात. मात्र जंताच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. मेंदूतली अळी एकदम मेली तर सूज वाढते. म्हणून डॉक्टर त्यासोबत सूज उतरविणारे औषध देतात.

पेसचे पुढे काय झाले? २००४ मध्ये तो पुन्हा कोर्टवर उतरला आणि अथेन्स ऑलिंपिकमध्ये भूपतीसह कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोचला. त्याच्या १८ ग्रँड स्लॅम विजेतेपदांपैकी १२ या आजारानंतरची आहेत. शेवटचे त्याने २०१६ साली, त्रेचाळिशीच्या उंबरठ्यावर मिळविले. २०२४ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले.

तेव्हा वाचकहो, हा रोग बरा होतो, पण न झालेलाच बरा. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवा, पालेभाजी भरपूर पाण्यात धुऊन घ्या, मांस पूर्ण शिजवा आणि शौचालयच वापरा.